गारुड्याचा आंबा आणि फाळक्यांचा वाटाणा

मराठीत कुणी कुणावर जादू करतो, जत्रेत जादूचे खेळ होतात आणि नाट्यगृहात जादूचे प्रयोग लागतात. तिन्ही ठिकाणी जादू तीच, पण सोबतचा शब्द बदलला की माणूसही बदलतो. जादू ‘करणाऱ्या’जवळ काही अमानवी शक्ती असावी असे वाटते. ‘खेळ’ म्हटले की मोकळे मैदान, डमरू आणि गोल करून उभी राहिलेली मुले डोळ्यांपुढे येतात. ‘प्रयोग’ म्हटले की तालीम, वेळ, शिस्त आणि तिकीट आले.

जादूगारांवरचे माहितीपट पाहताना या शब्दांकडे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. ज्याचा सारा धंदा लपवण्यावर उभा आहे, त्याची माहिती देणारा पट काढायचा कसा? त्याच्या कौतुकाचे श्रेय नेमके कशाला द्यायचे? मंत्राला, यंत्राला की हाताला? हा प्रश्न कॅमेऱ्यामुळे निर्माण झालेला नाही. आपल्या भाषेने तो फार पूर्वीच हाती घेतला होता आणि त्याची निरनिराळी उत्तरे शब्दांतून जपून ठेवली.

‘जादू’ आपल्याकडे फारसीतून आली. जुन्या फारसीत हा शब्द कलेपेक्षा माणसासाठी अधिक वापरला जाई. जादू म्हणजे जादू करणारा. पुढे शब्द कलेला लागला आणि माणसासाठी ‘गर’ हा प्रत्यय जोडावा लागला. अवेस्तातला ‘यातु’ हा त्याचा पूर्वज, आणि ऋग्वेदातही ‘यातु’ आहेच. तिथल्या ‘यातुधानां’ना, म्हणजे जादूटोणा करून घात करणाऱ्यांना, जाळून टाकावे अशी अग्नीकडे मागणी केलेली आढळते. परका म्हणून आलेला ‘जादू’ हा शब्द असा आपल्या वैदिक ‘यातु’चा सख्खा भाऊ निघतो. दोन्ही घरी त्याची सुरुवात भीतीपासून झाली.

इंग्रजीतल्या ‘मॅजिक’चा उगमही इराणातच आहे. ‘मगु’ हे तिथल्या पुरोहितांचे नाव. ग्रीकांना या परक्या पुरोहितांचे विधी गूढ वाटले, आणि त्यांच्या नावावरून ग्रीकांनी जादूला शब्द घडवला. तो लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत पोहोचला. गंमत अशी की झरथुष्ट्री धर्मग्रंथांत ‘यातु’ निषिद्ध आहे आणि मगु त्याच धर्माचे पुजारी. एकमेकांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या दोन पक्षांची नावे जगभर फिरली आणि शेवटी एकाच अर्थाला येऊन मिळाली.

मराठीने या शब्दाच्या प्रत्ययातही स्वतःचे वळण ठेवले. फारसीत ‘जादूगर’ आणि ‘कीमियागर’. आपण मात्र म्हणतो जादूगार आणि किमयागार. कामगार, मदतगार या शब्दांतला लांब ‘गार’ मराठी कानाला अधिक सरावाचा होता. त्यामुळे आपला जादूगार बोलण्यात का होईना, कामगाराच्या रांगेत येऊन बसला. मला हे स्थान फार योग्य वाटते.

भीतीच्या बाजूचा आणखी एक शब्द म्हणजे ‘चेटूक’. तो संस्कृत ‘चेटक’शी जोडतात. चेट किंवा चेटक म्हणजे सेवक. काम करून देणारा अदृश्य नोकर मांत्रिकाच्या ताब्यात असतो, अशी त्यामागची समजूत. या शब्दात करणाऱ्याच्या अंगचे कौशल्य काहीच उरत नाही, सारे काम दुसराच कुणी करून जातो.

‘इंद्रजाल’ या शब्दाचा पल्ला याहून मोठा आहे. अथर्ववेदात ते खरोखर इंद्राचे जाळे आहे, शत्रुसैन्यावर टाकायचे. अंतरिक्ष हे जाळे आणि दिशा त्याचे खांब, अशी ती भव्य कल्पना. पुढे कामंदकाच्या नीतिसारात साम, दान, भेद, दंडाच्या जोडीला माया, उपेक्षा आणि इंद्रजाल हे आणखी तीन उपाय येतात. देवाचे शस्त्र राजाच्या हाती आले. सातव्या शतकात हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेत तर इंद्रजाल राजवाड्याच्या दिवाणखान्यात होते. चौथ्या अंकात एक ऐंद्रजालिक मोरपिसांचा कुंचा फिरवत राजाला आकाशात देव दाखवतो, आणि त्यानंतर अंतःपुराला आग लागल्याचा आभास निर्माण होतो. त्या आगीच्या धांदलीत बंदिवान नायिकेची सुटका होते. अखेरीस मंत्री यौगंधरायण ही आपलीच योजना होती असे सांगून टाकतो. प्रेक्षकाला आधी थक्क करायचे आणि मग त्यामागची मांडणी उलगडायची, हा आजच्या माहितीपटांचा क्रम एका संस्कृत नाटिकेने असा आधीच सांभाळला आहे.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरील भाष्यात हाच खेळ दृष्टान्त म्हणून वापरला. ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढताना दिसणारा मायावी वेगळा आणि जमिनीवर उभा असलेला खरा मायावी वेगळा, असे ते सांगतात. दोरीच्या जादूची आधुनिक ख्याती मात्र १८९० साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने छापलेल्या एका बातमीने पसरली, आणि ती बातमी बनावट असल्याची कबुली त्या वृत्तपत्राने पुढे दिली. आचार्यांच्या दृष्टान्तातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे: वर काय दिसते यापेक्षा खाली कोण उभा आहे ते पाहा. जादूगारावर पट काढणाऱ्या कुणालाही हा सल्ला उपयोगी पडेल.

कोशकारांनी आणि कलांच्या याद्या करणाऱ्यांनीही खालीच पाहिले. अमरकोशात माया आणि ‘शांबरी’ हे समानार्थी शब्द आहेत आणि ‘मायाकार’ हा कारागिरांच्या व कलावंतांच्या वर्गात, नटांच्या अगदी शेजारी बसला आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत इंद्रजाल आहे आणि त्याच्यापासून वेगळे ‘हस्तलाघव’ही आहे. लाघव म्हणजे हलकेपणा. फ्रेंचांनीही हाताच्या हलकेपणावरून ‘लेजेर द मँ’ अशी शब्दयोजना केली आणि इंग्रजांनी ती उचलली. मराठीने पुढे फारसी ‘चालाक’पासून चलाखी घेतली, तिला आपला हात जोडला आणि ‘हातचलाखी’ हा शब्द घडवला. लाघवात नजाकत होती, चलाखीत वेग आणि हुशारी आली. श्रेय मात्र दोन्ही शब्द हातालाच देतात.

‘नजरबंदी’ प्रेक्षकाच्या बाजूचा शब्द आहे. अरबी नजर आणि फारसी बंदी. जादूगाराने आपली नजर बांधली, असा जुना समज त्यात आहे. या समजात थोडे तथ्यही आहे, फक्त बांधण्याची रीत वेगळी आहे. उजवा हात हवेत उंचावला, त्याकडे जादूगाराने स्वतः कौतुकाने पाहिले, की सगळे त्याच्याबरोबर पाहतात, आणि डावा हात आपले काम उरकतो. नजर बांधली जाते ती लक्ष दुसरीकडे वळवून. रंगमंचासमोर बसलेल्या माणसाला हे कळत नाही. कॅमेरा मात्र बाजूने, मागून, जवळून पाहू शकतो, म्हणून जादूगार त्याला वचकून असतात. पण कॅमेराही बांधला जातो. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात जादूगार पी. सी. सरकार यांनी एका मुलीला करवतीने दोन भागांत कापल्याचा प्रयोग केला. ती पुन्हा उठलेली दिसण्यापूर्वीच कार्यक्रम संपला आणि घाबरलेल्या प्रेक्षकांच्या फोनचा बीबीसीकडे पूर लोटला. सरकारांनी आपल्या कार्यक्रमाला नाव दिले होते ‘इंद्रजाल’. अथर्ववेदातले जाळे दूरचित्रवाणीवरून लंडनच्या घराघरांवर पडले.

मराठी माणसाच्या मनात या साऱ्या शब्दांहून खोल रुतलेला शब्द म्हणजे ‘गारुड’. याचे मूळ गरुडात आहे. गरुड हा सापांचा वैरी, म्हणून सापाचे विष उतरवणारा मंत्र तो ‘गारुड’ आणि तो जाणणारा ‘गारुडी’. विष उतरवणारा माणूस साप जवळ बाळगू लागला, त्यांचे खेळ दाखवू लागला, सापाच्या खेळाला गर्दी जमली की टोपलीतून इतरही चमत्कार काढू लागला. अशा रीतीने वैद्याचा सर्पवाला आणि सर्पवाल्याचा जादूगार झाला. संत एकनाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी यांच्याबरोबर गारुडीही आहे, म्हणजे तो गावगाड्यात किती ओळखीचा होता ते दिसते. त्याच मैदानातल्या ‘मदारी’चे नाव कानपूरजवळच्या मकनपूरचे सूफी संत शाह मदार यांच्या अनुयायांवरून पडले. एकाच्या नावामागे गरुड, दुसऱ्याच्या नावामागे संत, आणि दोघांचेही पोट रस्त्यावरच्या गर्दीवर.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप पकडून त्यांचे खेळ करण्यावर बंधन आले. सापांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. मात्र त्यानंतर गारुड्याच्या हातून साप गेला आणि पाठोपाठ नव्या पिढीच्या डोळ्यांसमोरून गारुडीही गेला. शब्द राहिला तो मनावर ‘गारुड’ करणाऱ्या गाण्यांपुरता आणि पुढाऱ्यांपुरता. ज्यांच्या कसबातून हा शब्द जन्मला ती माणसे त्यातून वजा झाली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गारुड्याचा एक खेळ पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला आहे. आंब्याची कोय मातीत पुरायची, वर कापड झाकायचे, थोड्या वेळाने कापड उचलले की रोप, पुन्हा झाकून उचलले की झाड. महिन्यांचा आणि वर्षांचा काळ काही मिनिटांत. या खेळाचा सारा भार त्या कापडावर आहे. कापडाला जुना शब्द ‘पट’. याच पटावर पुढे दुसरी जादू झाली.

१८९२ साली कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी काचांवर हाताने चित्रे रंगवून ती दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर मोठी करून दाखवायला सुरुवात केली. या खेळाला नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. यातला ‘शांबरिक’ म्हणजे अमरकोशातल्या त्याच ‘शांबरी’चा धनी. शंबर हा मायावी असुर. वेदात तो इंद्राचा शत्रू आणि पुराणांत प्रद्युम्नाकडून मारला गेलेला. इंग्रजीत त्या दिव्याला ‘मॅजिक लँटर्न’ म्हणत. मराठी माणसाने शब्दशः ‘जादूचा दिवा’ न करता थेट शंबरासुराला बोलावले. इंद्र आणि शंबर हे दोन वैरी, आणि जादूची सर्वांत देखणी दोन नावे या दोघांकडूनच आली.

यानंतर सिनेमा आला आणि त्याला ‘चित्रपट’ हे नाव मिळाले. रंगवलेले कापड असा या शब्दाचा जुना अर्थ. या चित्रपटाचे आपल्याकडचे जनक दादासाहेब फाळके स्वतः जादूगार होते. १९०१च्या सुमारास बडोद्यात एका जर्मन जादूगाराकडून ते ही कला शिकले आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करू लागले. ‘फाळके’ उलटे वाचा: के-ळ-फा. जादूगाराला दुसरे नाव लागतेच. बुडापेस्टला जन्मलेल्या एरिक वाइसने फ्रेंच जादूगार रोबेर-उदँच्या नावावरून ‘हुडिनी’ हे नाव घेतले. सरकारांनी आपल्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग असे बदलले की त्यात ‘सॉर्सरर’, म्हणजे जादूगार, ऐकू यावा. फाळक्यांनी बाहेरचे काही घेतले नाही. आपलेच नाव आरशात धरावे तसे फिरवले.

१९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी पहिल्यांदा चित्रित केले ते कुंडीतल्या वाटाण्याचे उगवणे. ठरावीक अंतराने, दिवसामागून दिवस, एकाच जागेवरून त्यांनी छायाचित्रे टिपली आणि पडद्यावर ती वेगाने दाखवली. बी फुटली, कोंब आला, वेल वाढली. हा लहानसा पट पाहूनच ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटला. गारुड्याचा आंबा आणि फाळक्यांचा वाटाणा यांत मला भारतीय चित्रपटाची सारी जन्मकथा दिसते. गारुडी पट झाकून रोप दाखवतो. त्या झाकणीत एक रोप जाते आणि दुसरे येते. फाळके पट उघडा ठेवतात, आणि त्यावर दिसणारे रोप एकच आहे, खरे आहे, वाढले तसे वाढले आहे. युक्ती फक्त वेळेशी केली आहे. जादूगाराने आपली शिकलेली कला वापरून सत्य दाखवले, म्हणून हा आपल्याकडचा एक आद्य माहितीपट ठरतो. त्याच्याही आधी, १८९९ मध्ये, सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले होते.

फाळके तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी ‘चित्रपट कसा तयार करतात’ हा पट काढला. त्यात ते स्वतः नटांना सूचना देताना, फिल्म तपासताना दिसतात. ‘लंकादहन’ही याच वर्षीचा. एकीकडे पडद्यावर हनुमान उडवायचा आणि दुसरीकडे हे सारे कसे घडते ते प्रेक्षकांना बोलावून दाखवायचे. आपल्या विद्येवर ज्याचा पुरता विश्वास आहे त्यालाच हे जमते.

‘माहितीपट’ हा शब्द आज रूढ असला, तरी त्याआधी ‘अनुबोधपट’ हा शब्द चालत असे. तो मला अधिक प्रिय आहे. अमरकोशात ‘अनुबोध’चा अर्थ येतो तो सुगंधाच्या संदर्भात: मावळलेला सुवास पुन्हा जागा करणे. दिल्लीतल्या कठपुतली कॉलनीवर जिम गोल्डब्लम आणि अ‍ॅडम वेबर यांनी काढलेला ‘टुमॉरो वी डिसअपिअर’ (२०१४) हा या अर्थाने अनुबोधपट आहे. जादूगार, कळसूत्री बाहुल्या खेळवणारे, डोंबारी यांची ही वस्ती बिल्डरच्या प्रकल्पासाठी हटवली जाणार, या छायेत तो घडतो. या कलावंतांच्या डोक्यावर आणखी एक टांगती तलवार होती ती मुंबईहून गेलेली. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा दिल्लीलाही लागू करण्यात आला होता. त्यात सार्वजनिक जागी गाणे, नाचणे किंवा खेळ करून पैसे घेणे हेदेखील भीक मागण्याच्या व्याख्येत बसवले होते. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. अमरकोशाने मायाकाराला नटाशेजारी बसवले होते. विसाव्या शतकातल्या कायद्याने त्याला भिकाऱ्यात काढले. एका कलावंताचा वर्ग शब्दाने किती खाली नेता येतो, याचा हा फार दुःखद दाखला आहे.

रिकी जे या अमेरिकन पत्तेबहाद्दरावरचा ‘डिसेप्टिव्ह प्रॅक्टिस’ (२०१२) वेगळ्या अंगाने जातो. त्यात एकाही खेळाचे रहस्य फोडण्याचा अट्टहास नाही. आजोबा मॅक्स कॅट्झ, पुढे डाय व्हर्नन आणि चार्ली मिलर असे एकेक गुरू उलगडत जातात आणि बोटांत मुरलेली वर्षे दिसतात. मराठीत याला नेमके शब्द आहेत: हात बसणे, हातोटी, हातखंडा. या पटाची भाषांतरित पाटी करायची वेळ आली, तर मी ‘हातखंडा’ एवढाच शब्द लिहीन.

तिसरा पट जेम्स रँडी यांच्यावरचा, ‘अ‍ॅन ऑनेस्ट लायर’ (२०१४). रँडींनी जादूगार म्हणून नाव कमावले आणि मग दैवी शक्तीचा दावा करणाऱ्यांच्या मागे ते लागले. पीटर पॉपॉफ हा धर्मोपदेशक अनोळखी भाविकांची नावे आणि आजार अचूक सांगत असे. १९८६ मध्ये रँडींनी दाखवून दिले की ही माहिती त्याची बायको रेडिओवरून त्याच्या कानात सांगत होती. महाराष्ट्रात हे काम ओळखीचे आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी आणि शाळाशाळांत बुवांचे ‘चमत्कार’ स्वतः करून दाखवतात आणि मग त्यांमागची कारणे सांगतात. ‘चमत्कार’ या शब्दाचा आधार आहे ‘चमत्’, नवलाने तोंडून निघणारा उद्गार. शब्दाच्या मुळाशी देव नाही, आश्चर्य वाटलेला माणूस आहे. चमत्कारामागचे कारण समजल्यावर वाटणारे आश्चर्यही त्यात सामावते.

आता ‘प्रयोगा’कडे येऊ. प्रयोग हा ‘युज्’ धातूपासून आला: जोडणे, जुंपणे, कामी लावणे. नाटकाचा प्रयोग, प्रयोगशाळेतला प्रयोग आणि जादूचा प्रयोग यांना मराठी एकच शब्द वापरते, कारण तिन्हींत काहीतरी ठरवून, बेतून, पुन्हा पुन्हा करून पाहिलेले असते. याच धातूचा दुसरा शब्द ‘युक्ती’. जादूगार प्रेक्षकांसमोर मांडतो तो प्रयोग, आणि स्वतःपाशी ठेवतो ती युक्ती. एकाच मुळाची ही दोन पाती आहेत, एक उजेडात आणि एक सावलीत. याच युक्तीपासून मराठीत ‘युक्तिवाद’ झाला, म्हणजे कारणे देऊन पटवणे. डाव टाकण्याची बुद्धी आणि डाव ओळखण्याची बुद्धी भाषेने एका घरात ठेवली आहे. रिकी जे युक्ती राखून ठेवतात, रँडी युक्तीकडून युक्तिवादाकडे जातात आणि फाळके आपली युक्ती स्वतःच पडद्यावर मांडतात. तिघेही प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक तो एकच, जो युक्तीला शक्ती म्हणून विकतो.

महाराष्ट्रात या कलेची मोठी परंपरा आहे. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्या घराण्याने तर ती पिढ्यांमागून पिढ्या रंगमंचावर जिवंत ठेवली. रस्त्यावरच्या गारुड्यांजवळही त्यांच्या बोलीतले शब्द असतील: नाणे तळहातात दडवण्याला, टोपलीतली वस्तू बदलण्याला, गर्दी धरून ठेवण्याला. हे शब्द कोशांत फारसे आलेले नाहीत. कुणी मराठी दिग्दर्शकाने या घरांपर्यंत जाऊन, त्यांची युक्ती न फोडता, त्यांचे हात आणि त्यांचे शब्द चित्रित करावेत. जुन्या गारुड्यांपैकी जे हयात आहेत ते थकले आहेत, म्हणून हे काम लवकर व्हायला हवे.